झाकलेली ताटली

बार्सिलोना, १९६१

अव्वा, तुझ्या पायावर डोकं ठेवून मल्लिकार्जुनचा नमस्कार.

मी मजेत हाय. जहाज दुरुस्तीला लागलंय, म्हणून संध्याकाळी या मोठ्या शहरात खायला शोधत फिरतो. इथं 'तापास'ची दुकानं लई. लहान ताटलीत जैतुनाची खारवलेली फळं, बटाटे, बदाम असं थोडं थोडं देतात. मासळीला मी शिवत न्हाय, अन् ग्लासात लिंबाचं सरबतच असतं. काळजी करू नको.

जुन्या दुकानांत ती ताटली ग्लासावर झाकूनच आणतात. तापा म्हणजे झाकण. पहिल्या दिवशी मी हात आवरून बसलो. मालकानं खुणेनं विचारलं, आवडलं न्हाय का? त्याला काय सांगू? आपल्यात झाकलेलं ताट घरी यायचं राहिलेल्या माणसाचं. रझाकारांच्या वक्ताला अप्पा कळंबच्या बाजाराला गेले ते आलेच न्हाईत, अन् तू रोज त्यांचं ताट झाकून ठेवतेस. मला वाटलं, हे अप्पांचंच. मी दाराकडं बघत राहिलो.

आता उघडा ग्लास देणारं एक चांगलं दुकान सापडलंय. तिथंच जातो. पण दार वाजलं की तिथंही घास हातातच राहतो.

आडाला पाणी हाय का? तुझा गुडघा कसा हाय?

माझ्या पाठच्या शरणम्मानं लिहिलंय, तू हल्ली दोन ताटं झाकतेस.

अव्वा, माझं झाकू नको. घासून पालथं ठेव. मी येऊन माझ्या हातानं सुलटं करतो.

तुझा,
मल्लू