चांदीचं पाणी जांभळं का पडलं

आदरणीय दाजी,

लांबूनच वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं कागदावरचं समजावं). तुमची आणि ताईची तब्येत कशी आहे? हे मी या खेपेला खरोखरच विचारतो आहे.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे, तब्येतीसाठी रोज दोन चमचे प्यायचं ते चांदीचं पाणी करायला घेतलं. ग्लासभर डिस्टिल्ड वॉटर, त्यात चांदीच्या दोन तारा, तारांना बॅटरी. तुमचं पाणी म्हणे फिकट सोनेरी उतरतं. माझं दुधासारखं पांढरं झालं आणि खिडकीत ठेवल्यावर तासाभरात जांभळट करडं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, बिघाड सापडल्याशिवाय उठत नाही. तारा बदलल्या, ग्लास बदलला, बॅटरी बदलली (ती बायकोच्या रेडिओतली होती, दोन दिवस अबोला). पाण्यात भेसळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडलो. त्या बिचाऱ्याने माझ्यासमोर नव्या कॅनचं सील फोडलं. त्याचंही तेच. पाचव्या खेपेला डोळ्याला भिंग लावून टेबलाशीच बसलो. बायको चहा घेऊन आली आणि ग्लासात चिमूटभर मीठ टाकून निघाली. (भिंग लावलं की मला शेजारचं दिसत नाही, ही तिची जुनी समजूत.)

"हे काय?" मी विचारलं.

"पाचही वेळा मीच टाकलं, मिठानेच ते नासतं," ती शांतपणे म्हणाली. "वन्संचा फोन आला होता. काहीही कर, पण त्याला पिऊ देऊ नकोस, म्हणाल्या. दाजींचा चेहरा निळा पडलाय."

दाजी, बाकीचंही मग तिच्याकडूनच कळलं. कपाळ, कान, नखं, सगळं शिसपेन्सिलीच्या रंगाचं? डॉक्टर म्हणतात चांदी कातडीत मुरली, आता रंग उतरायचा नाही, निदान वाढवू तरी नका. आणि तुम्ही त्यांना "ऊन लागलंय" सांगून घरी येऊन पुन्हा दोन चमचे घेतलेत? माझं सगळं पाणी ओतून दिलं. देवाशपथ, मी एक थेंबही चाखलेला नाही.

तुमचा मेहुणा

ता. क. ताईला तुमच्या तारा फेकायच्या आहेत, पण तिचं धाडस होत नाही. त्या घेऊन तुम्ही स्वतः इकडे या. टपालाने नकोत.

आणखी एक, पाकीट चिकटवता चिकटवता. थेंबाचं वर लिहिलं ते बायको वाचणार म्हणून. मागच्या मुक्कामी दिलेली तुमची बाटली मी महिनाभरात संपवली. कानामागचं आरशात दिसत नाही, आणि तिला विचारायची सोय नाही. आलात की माझा कान उजेडात धरून बघा. हा रंग तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाही.