मठाच्या स्वयंपाकघरातली काजळी

सर, तुम्ही दाखवलेला मठ मी परवा पुन्हा पाहिला. तुम्ही गेल्यानंतर ती बाजू ओळखू येत नाही. बसमधून उतरून आपण ज्या ज्वारीच्या रानातून चालत गेलो होतो, तिथे आता काचेच्या इमारतींतल्या कंपन्या आहेत आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो. मी अजून पाट्याच रंगवतो. नववीत शाळा सोडली तेव्हा नारायण पेठेतल्या तुमच्या खोलीवर बोलावून तुम्ही म्हणाला होतात, "हरकत नाही. फक्त 'शुद्ध तूप' लिहाल तेव्हा तेवढं तरी शुद्ध लिहा."

सहलीच्या दिवशी आम्ही मुलं खांबांवरची नक्षी बघायला पळालो होतो. तुम्ही सगळ्यांना हाका मारून मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलंत. हे मठाचं स्वयंपाकघर. चूल कधीच मोडलेली, पण भिंती आणि छत काळेभोर. मी बोट लावायला जातो आणि तुम्ही खेकसता, "अहो चित्रकार, हात मागे! ती घाण नाही. इथे राहणाऱ्यांच्या रोजच्या जेवणाचा धूर आहे तो." मठ कोणत्या पंथाचा, असं कुणीतरी विचारलं. यादवांच्या काळातला असावा, तुम्ही म्हणालात, पण शिलालेख अर्धा फुटलाय आणि पडलेले दगड गावाने विहिरीला नेले, त्यामुळे पंथ सांगता येत नाही. "इथे माणसं जेवत होती, एवढं मात्र नक्की."

आता जमिनी विकून आलेल्या पैशांतून गाव मठाचा जीर्णोद्धार करतंय. देणगीदारांची नावं रंगवायला मला बोलावलं होतं. मी आधी स्वयंपाकघरात गेलो, तर दोन माणसं ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन भिंत घासत होती. त्यांच्याबरोबर मठाचे एक म्हातारे विश्वस्त, चपला बाहेर काढून, स्वतः घासत होते. मी म्हणालो, "आजोबा, ही काजळी राहू द्या. फार जुनी आहे."

"जुनी हाय म्हणूनच काढतोय की! देवाच्या घरात जळमटं ठिवायची व्हय?"

तुम्ही सांगितलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ब्रश खाली ठेवून नीट ऐकलं, मला चहा दिला. मग म्हणाले, "तुझं मास्तर शहाणंच असतील रं. पर उद्या पाव्हणं आल्यावर काय सांगू त्यास्नी? या, धूर बघा?" ती दोन माणसं हसली. हो, हेच सांगा, असं मला म्हणायचं होतं. चहाचा कप खाली ठेवून उठलो. बाहेर येऊन पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मठ आमच्या यादीत आहे का? नाही ना? मग आम्ही काय करणार?" मी फोन ठेवला आणि नावं रंगवायला बसलो. आतून ब्रशचा खरखराट येत होता. तुम्ही असता तर त्यांना काय बोलला असता, ते शोधत होतो.

संध्याकाळी भिंतींवर पांढऱ्या रंगाचा हात फिरला. म्हातारबुवांनी आत उभं राहून हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्यावर रागही धरता येईना.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकतो. काळोखाची ती खोली उजेडाने भरलेली पाहिली आणि क्षणभर, सर, मलाही ती छान वाटली.