पाठ टेकायची नाही

९ नोव्हेंबर

सॉफ्टबॉलची मॅच, आणि मी आऊट! वर मैदानाबाहेर काढलं! तिसऱ्या बेसवरून मी सुसाट निघाले. कबनूरच्या टीमची कॅचर रूपाली चेंडू घेऊन होम प्लेटवर उभी; तिला चुकवून प्लेट गाठली की धाव. मी थांबले नाही – खांदा घातला. ती उताणी, चेंडू भलतीकडेच, मी प्लेटवर. धाव झालीच होती की! अंपायर म्हणाले, मुद्दाम धडक दिली. रूपालीचा खांदा दुखावला, तिला रिक्षात बसवून नेलं.

आबा मात्र खूश. "तेजू, उभी ऱ्हायलीस बघ! पाठ न्हाय टेकलीस!" माझे वडील शिवाजी पेठेतल्या तालमीत कुस्तीचे वस्ताद. आमच्या घरात हरणं म्हणजे एकच – पाठ मातीला लागणं.

१० नोव्हेंबर

आमचे कोच राजवर्धन सर, सगळ्या टीमसमोर – "धडकाच द्यायच्या तर तालमीत जा. इथं कॅचरला चुकवायचं, न्हायतर स्लाइड मारायची. स्लाइड येईस्तोवर तू टीमबाहेर."

घरी येऊन खूप रडले. मग राग आला.

१४ नोव्हेंबर

स्लाइड येत नाही! प्लेट जवळ आली की आडवं व्हायचं आणि पाय पुढे टाकून घसरत जायचं. एवढंच. पण लहानपणापासून "पाठ टेकू नको" ऐकलंय, अंग ऐकतच नाही. ऐन वेळी गुडघे ताठ. पोरी हसल्या. हसू देत. मी शिकणार म्हणजे शिकणार.

२१ नोव्हेंबर

मैदान कसलं टणक! मांडी सोलवटली. मऊ माती कुठं आहे ते मला माहीत आहे.

२३ नोव्हेंबर

पोरं यायच्या आधी तालमीत गेले. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला हात लावून पाया पडले, धावत आले आणि घसरले. पुन्हा. पुन्हा. वर बघते तर दारात आबा!

"ऊठ! माझ्या हौद्यात माझीच पोरगी उताणी?"

"ह्यो माझा खेळ हाय, आबा. हितं आडवी पडणारीच जिंकती."

आबांनी कोपऱ्यातलं खोरं आणून माझ्यापुढं टाकलं. "माती भुसभुशीत कर आधी. न्हायतर सोलशील."

२ डिसेंबर

सरांना स्लाइड मारून दाखवली. टीममध्ये परत!!

७ डिसेंबर

पुन्हा कबनूर. रूपालीही परत आली होती, बरं वाटलं. शेवटची इनिंग, बरोबरी, मी तिसऱ्या बेसवर. फटका बसला तशी निघाले. चेंडू सरळ तिच्या हातात येत होता, मी आऊट होणार हे नक्की होतं. तरी आडवी झाले. पाय प्लेटवर – आणि चेंडू तिच्या ग्लोव्हला लागून मागे! सेफ! जिंकलो! तिला माझं बोटसुद्धा लागलं नाही.

आबा कठड्यावर चढून ओरडत होते, "पाठ टेकून जिंकली की माझी पोरगी!" आज माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.

८ डिसेंबर

स्लाइड बघ म्हणून सरांनी मोबाइलवर कालचा व्हिडिओ दाखवला. मी रूपालीकडेच बघत राहिले. मी अजून लांब आहे, चेंडू यायचाय – आणि तिनं डोळे गच्च मिटलेत. तोच दुखावलेला खांदा आत ओढून घेतलाय.

कालची धाव माझ्या स्लाइडची नाहीच. तिच्या मनात बसलेल्या त्या धडकेची आहे.

रविवारी कबनूरला जाणार. तिला प्लेटवर उभं राहा म्हणणार आणि घसरत येणार. तिचे डोळे उघडे राहीपर्यंत.