भिशीच्या वहीतला विठू

टेमघर, भिवंडी
चैत्र वद्य तृतीया, १९७४

वडीलभावाच्या जागी असलेले काळूरामदादा, मुक्काम अंजूर, यांना मेव्हणा हिरामण याचा साष्टांग नमस्कार. (आठातली सात अंगं जमिनीला लागली असं समजावं. कंबर चार शुक्रवारांपासून वाकली की सरळ होत नाही आणि सरळ झाली की वाकत नाही. कारण सांगेन, आधी खुशाली.) वहिनींची दाढ काढली की अजून लवंगेवरच चाललंय? तुमचा खोकला कसा आहे? लग्नाची चिठ्ठी पोचली. तुमची पोरगी केवढीशी होती हो, आणि वैशाखात तिचं लग्न! वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच मी बोटांवर हिशोब मांडायला बसलो. त्या हिशोबाचंच हे पत्र आहे.

आपली बहीण कमळ खुशाल आहे. खुशाल हा शब्द तिला अपुरा पडतो, पण पोस्टाच्या पाकिटात याहून मोठा मावणार नाही. दादा, अकरा वर्षं संसार केला आणि आपण कोणाबरोबर राहतो ते मला आत्ता शिमग्याला कळलं. तुम्ही ही बाई आमच्या पदरात टाकलीत तेव्हा 'पोरगी गरीब आहे, सांभाळून घ्या' म्हणाला होता. कोणी कोणाला सांभाळायचं होतं, तेवढं त्या वेळी नीट सांगायला हवं होतं.

आता बसून वाचा. गेल्या वैशाखात माझ्या बहिणीच्या हळदीला आपण कल्याणचा बँड आणला, तीन गावं जेवली. (तुम्ही बँडपुढे फेटा सुटेपर्यंत नाचलात. तक्रार नाही, नुसती आठवण.) त्या बँडाचे आणि जेवणाचे चारशे रुपये मी इथल्या एका सावकाराकडून उचलले आणि कमळच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ गहाण टाकली. होय, तीच. तुमच्या आईची. कमळनं ती स्वतःच्या हातानं काढून दिली आणि चकार शब्द बोलली नाही. बायको बोलली नाही की घरात काय होतं ते तुम्हांला कळायचं नाही, वहिनी बोलतात. वर्षाच्या आत व्याजासकट पैसे नाही भरले तर माळ बुडाली, अशी बोली झाली. आणि तुमच्या मांडवात नवरीच्या आत्याचा गळा मोकळा दिसला तर सगळं अंजूर काय विचारील, ते विचारण्याआधीच मी मांडवाची मागची वाट शोधायला लागलोय.

मग आमच्या घरात काटकसर सुरू झाली. मी पगारवाला माणूस, चाळीस लूमची, म्हणजे यंत्रमागांची, दुरुस्ती-देखरेख बघणारा जॉबर, म्हणून सुरुवात मी केली. टांगा बंद करून टेमघरपासून कारखान्यापर्यंत चालत जाऊ लागलो. आठवड्याला दीड रुपया वाचला आणि दुसऱ्याच आठवड्यात मोच्यानं चपलेचे दोन रुपये घेतले. दाढी घरी केली तर असा कापलो की आयोडीन आणावं लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! कमळनं हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "आता तुमी वाचवू नका. परवडत न्हाय."

आणि तिनं हात घातला. काय सांगू दादा! बिडी सोडा असं ती एकदाही म्हणाली नाही. रोज सकाळी बंडल माझ्या हातात द्यायची, पण देण्याआधी तीन बिड्या काढून माळ्यावरच्या डब्यात टाकायची. दहाव्या दिवशी त्या डब्यातून मला मोठ्या मानानं अख्खं बंडल मिळालं. माझ्याच बिड्या मला बक्षीस! मी 'अगं, कशाला' म्हणून लाजलोसुद्धा. लूमखाली पडणारं तुटकं सूत मी खिशातून आणायचं, त्याच्या तिनं स्टोच्या वाती वळल्या, बाजेचे दोर वळले, गादी भरली. पाहुणा आला की त्याला पाणी द्यायची आणि तसाच उठवून शेजारच्या आक्काकडे न्यायची, "आक्का, हे मुद्दाम तुला भेटाया आलेत." आक्का चहा टाकायची, आम्हांलाही मिळायचा. आक्काला वाटायचं आपली केवढी ख्याती! मी तोंडात बोट घालून बघत राहायचो.

दिवाळी झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मी गोदूबाईच्या भिशीत लागले." गोदूबाई म्हणजे रेशनच्या रांगेत तिच्या ओळखीची झालेली कोणी विधवा बाई, मी तिला पाहिलेली नव्हती. भिशी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आल्या दर महिन्याला पैसे घालून चिठ्ठ्या काढणाऱ्या बाया. आता दादा, तुम्ही अंजूरला असता म्हणून सांगतो. भिवंडीत भिशी दोन. एक ही चिठ्ठ्यांची आणि दुसरी लूमवाल्या एकट्या माणसांच्या जेवणाची, खानावळीसारखी. मी इथे पंधरा वर्षं आहे आणि मला दोन्ही ठाऊक आहेत. पण माणूस घरात शिरला की निम्मी अक्कल चपलांबरोबर बाहेर राहते. मी विचारलं, "किती जण हायत?" म्हणाली, "बावीस." पुढच्या महिन्यात विचारलं, "भिशी लागली का?" म्हणाली, "लागली, चांगली लागली." मी मनात म्हटलं, वा! मग पैसे दिसत का नाहीत? घातलेत पुन्हा दुसरीकडे! या बाईच्या धाडसापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

इकडे माझ्या डब्यातलं कालवण गेलं. दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मला वाटलं, भिशीचा हप्ता भरते बिचारी, आपण काय बोलायचं? पण सकाळी सात ते संध्याकाळी सात लूमच्या खडखडाटात दोन भाकऱ्या दहालाच संपतात. शेवटी कारखान्यातला महादू मला म्हणाला, "जॉबर, मावशीच्या भिशीत चला. रुपयात पोटभर, आणि उधारी चालते." देणं फेडायला निघालेला माणूस मी, उधारीवर जेवायला गेलो! नाव घरी पोचू नये म्हणून वहीत लिहायला सांगितलं: विठू.

दादा, काय ते जेवण! ओल्या बोंबलाचं कालवण, कैरी घातलेलं, तांदळाची भाकरी वाफेची. पहिल्या घासाला मी डोळे मिटले. पुढे मावशी वाढायची आणि मागे गोणपाटाच्या पडद्याआड कोणी बाई रांधायची. मी मोकळा माणूस, कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. रोज पडद्याकडे तोंड करून ओरडायचो, "रांधणारीचा हात सोन्याचा हाय हो! आमच्या घरी निम्मा जरी असता असला हात!" पहिल्यांदा ओरडलो त्या दिवशी पडद्यामागे पळी वाजायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या एकट्याच्या ताटात तिखट असं, की कानांतून वाफ निघावी. तरी मी गेलो. अडतीस दुपारी गेलो.

होळीच्या दोन दिवस आधी मावशी म्हणाली, आज उधारी रांधणारीच वसूल करणार. पडदा बाजूला झाला. कमळ! एका हातात वही, दुसऱ्या हातात पळी. मावशी म्हणजेच गोदूबाई, आणि भिशी म्हणजे ही भिशी. अहो, या बाईनं अकरा वर्षांत माझं नाव तोंडावाटे काढलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही नाकात. डॉक्टरनं नवऱ्याचं नाव विचारलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या पोपटाकडे बोट दाखवणारी बाई! ती बावीस माणसांसमोर खणखणीत ओरडली, "ए विठू! अडतीस रुपये!"

सगळी भिशी हसली. महादू हसता हसता पाटावरून पडला. मी काय करू? लाज वाटली, आणि खरं सांगू, छातीही फुगली. घरी आल्यावर विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, "पयल्या दिवशी. आवाज काय बदलता येतो?" मग जेवू कशाला दिलंस? तर म्हणाली, "उपाशी मानसाचा हात लूमच्या पट्ट्यात जातो. हात गेला तर माळ घेऊन काय करू?" दादा, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. महिन्याला साठ रुपये कमावत होती ती, दुपारचं स्वतःचं जेवण तिथेच, आणि मला वाटत होतं काटकसर मी करतोय. तुमच्या बहिणीपुढे मी आता मान वर करून बघत नाही, ऊन लागल्यासारखं होतं.

तर देणं फिटल्यातच जमा आहे, काळजी नसावी. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, लग्नाला आदल्या दिवशीच येतो.

आपला,
हिरामण

ता. क. 'फिटल्यातच जमा' असं वर लिहिलं त्यात थोडं कमी आहे. कमळ म्हणते, सावकाराची बाकी सगळी रक्कम जमली, फक्त अडतीस रुपये कमी पडतात, आणि ते विठूनं खाल्ले, विठूनंच भरायचे. म्हणून दर शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला, मी गोदूबाईच्या भिशीत भांडी घासतो. शुक्रवारचा रुपया. चार फिटले, चौतीस उरले. लग्नाआधी शुक्रवार फक्त चार आहेत. हिशोब तुम्हीच करा.

दुसरा ता. क. तेव्हा चौतीस रुपये मनिऑर्डरनं पाठवावेत. कारखान्याच्या पत्त्यावर, घरी नको. माळ तुमच्याच आईची आहे, हे विसरू नये. कमळला या पत्राचा पत्ता नाही.

दादाला कमळचा नमस्कार. पाकीट चिकटवाया यांनी माज्याकडंच भाताची शितं मागितली, म्हणून वाचलं. पैशे पाठवू नको. माळ मी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच सोडवून आनली, तांदळाच्या पिंपात खाली हाय. लग्नात घालीन तवा यांना दिसंल. तवर सांगू नको. चार शुक्रवार हायत, आनि गोदूबाईचे मोठे टोप अजून तसेच काळे हायत.