जवसाचं पाणी आणि एक बिबा

सारंगखेडे,
माघ वद्य पंचमी

प्रिय अनुसया,

तुझं कार्ड पोचलं. निर्मलाचं लग्न ठरलं हे वाचून मी चुलीपुढे बसल्या बसल्या रडले आणि तव्यावरची भाकरी पार करपली. सासूबाई धावत आल्या, "काय व्हयनं व?" म्हणून. त्यांना कार्ड वाचून दाखवलं, पण शेवटची ओळ गाळली. 'कौसाकाकीला बोलावणार नाही, तू तो विषय काढू नकोस.' ती ओळ मी तेव्हापासून किती वेळा वाचली असेन, देव जाणे.

आधी तू विचारलंस ते सांगते. पोरीचे केस तुझ्यासारखेच भुरभुरे, मुंडावळ्यांखाली जागेवर राहायचे नाहीत, म्हणून जवसाचं पाणी हवंय ना? वाटीभर जवस निवडून घे, त्यात चार वाट्या पाणी. पातेलं कल्हईचं हवं. विस्तव मंद ठेव आणि हलवत राहा, नाहीतर बुडाला धरतं. पळी उचलल्यावर भेंडीसारखी तार सुटली की लगेच उतरव आणि गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळ. गार झालं की फडक्यातून थेंब निघत नाही, बसशील मग पिळत! वर थोडं खोबरेल. दोन बोटांनी लावायचं, भांग पाडायचा, पट्टी बांधायची, वाळलं की सोडायची. दोन दिवसांवर ठेवू नकोस, आंबूस वास येतो. आणि अनुसया, यात दुसरं काहीएक घालू नकोस. कोणी कितीही शहाणपणा शिकवला तरी नको.

हे मला कोणी शिकवलं, आठवतं? तुमच्या ओट्यावर दर रविवारी कौसाकाकी आपल्या दोघींना विंचरायच्या. एक गुडघ्यांत, एक रांगेत. मी रांगेत असले की तुला चिमटे काढायचे. नदीकाठचा माका त्या स्वतः उपटून आणायच्या, त्याचं तेल कढवायच्या. नवरा नाही, मूलबाळ नाही, दिराच्या घरातलं जिणं. पण आपल्या वेण्या घालताना त्यांचं तोंड बघावं. मी शेजारची पोर, तरी माझ्या केसांतली जट त्यांनी कधी ओढून काढली नाही.

आता ते वर्ष. शिरपूरकडची मंडळी दत्ताच्या यात्रेला घोडा घ्यायला आली होती आणि घोड्याचा सौदा झाला की तुला बघून जाणार होती. तुझे केस बसवायचं काम मी मागून घेतलं. जवसाचं पाणी जास्त झालं की वाळल्यावर पांढरी पापडी धरतं. काकी म्हणायच्या, थोडंच लाव. पण मला थोडं नको होतं गं! केस कोणी बसवले, असं त्या बायकांनी विचारावं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवावं, एवढीच हाव. यात्रेत एक तेलवाली बाई म्हणाली होती, बिब्यानं केस काळेभोर होतात. आमच्या घरी पायांच्या भेगांसाठी बिबे ठेवलेलेच असत. एक सुईला टोचला, दिव्यावर धरला, त्याचं तेल थेंब थेंब जवसाच्या पाण्यात पाडलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. दुपारी तुला लावलं. तू आरशात बघून माझ्या गळ्यात पडलीस.

सकाळी तुझे डोळे उघडेनात. कपाळभर फोड. बिबा कातडीवर उतला होता, आणि ते ठाऊक असलेली घरात मी एकटी. पाहुण्यांनी चहाला हातही लावला नाही, मुलीच्या अंगात रोग आहे म्हणत ओट्यावरूनच माघारी गेले. तुझ्या आईनं विचारलं, हिच्या डोक्याला कोणी कोणी हात लावला? मी म्हणाले, "काल सकाळी काकींनी तेल लावलं."

खरंच लावलं होतं त्यांनी. एक अक्षर खोटं बोलले नाही मी, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. जवसाच्या पाण्यानं कधी कोणाला काही होत नाही, तेव्हा पुढचं बाकीच्यांनी जोडलं. वांझ आहे, दुसऱ्याची पोर नांदायला निघाली ते बघवलं नाही, तेलात काहीतरी कालवलं. चार दिवसांत त्यांची पेटी बैलगाडीत पडली आणि त्यांना भावाच्या दारात सोडून आले. तू डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवून पडली होतीस आणि म्हणालीस, तिचं तोंड बघणार नाही. एकोणीस वर्षं तू शब्द पाळलास. मी शेजारी बसून ऐकत होते.

त्यांना माहीत होतं, अनुसया. त्याच सकाळी काकींनी माझी आवळलेली मूठ उघडली होती. दोन बोटांवर बिब्याचा काळा डाग, घासून घासून निघाला नव्हता. त्यांनी बघितलं, माझी बोटं परत मिटली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

यंदा यात्रेत भेटल्या. झाडाखाली बसून माक्याच्या तेलाच्या बाटल्या विकत होत्या. मी पायांवर पडले. तर त्याच म्हणाल्या, "तू कुवारी व्हती बेटा. तुन्हं नाव निंघतं ते तुन्हासंगे लगीन कोन करतं? मन्हं काय, मन्हं व्हई जायेल व्हतं." आणि मग विचारलं, "अनुसयाना कपायवर केस उनात का?" कपाळावरचे केस परत आले नाहीत म्हणून तू अजून पदर भुवयांपर्यंत ओढतेस, हे मला ठाऊक आहे. मी म्हणाले, माहीत नाही.

लग्न ठरल्याचं मी त्यांच्या भावाच्या घरी जाऊन त्यांना कळवलं. तू बोलावलंयस, असंही सांगितलं. हे मात्र धडधडीत खोटं. त्यांनी लुगडं धुवून वाळत घातलं त्याच दिवशी. खरं तर मी स्वतः यायला हवं होतं. पण तुझ्यापुढे उभं राहायची हिंमत नाही, डरपोक ती डरपोकच. दोंडाईच्याहून त्यांना गाडीत बसवून देते आहे आणि हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. त्यांना वाचता येत नाही. यात फक्त जवसाच्या पाण्याची कृती आहे असं त्यांना वाटतं. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा त्या तुझ्या ओट्याखाली उभ्या आहेत, काखेत निर्मलासाठी तेलाची बाटली घेऊन, आणि तू आत ये म्हणशील म्हणून वाट बघताहेत. माझं काय करायचं ते नंतर ठरव. आता कागद ठेव आणि त्यांना आत घे.

तुझीच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
भिकू