घंटा वाजली की बसायचं

४ मार्च, सोमवार

आज संस्थेच्या वहीत मी खोटं लिहिलं. एकतीस वर्षं पोरांच्या खोट्या सह्या पकडल्या, आणि आता स्वतःच—! म्हणून ही दुसरी वही. हिच्यात खरं तेवढंच.

झालं ते असं. मॉनिटर परीक्षेत नापास झाला. मॉनिटर म्हणजे आमचा कुत्रा. आमचा कसला, संस्थेचा! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही संस्था कुत्रे तयार करते. पिल्लू वर्षभर कुणाच्या तरी घरी वाढवायला देतात, मग परीक्षा, मग ज्याला गरज त्याच्या घरी रवानगी. दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, बाळ रडलं, की कुत्र्याने मालकाला नाकाने ढुशी द्यायची आणि आवाज येतो तिथे घेऊन जायचं. भुंकायचं नाही. भुंकून ऐकणार कोण?

आज बेल वाजली आणि मॉनिटर ताठ बसला. पुन्हा वाजली, आणखी ताठ. संस्थेची प्रशिक्षक मुलगी गोंधळली. "मॅडम, हा असा का करतोय?" मी म्हणाले, "दमलाय." वहीतही तेच लिहिलं — कुत्रा दमलेला होता.

दमलाय कसला! मीच शिकवलंय त्याला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली पितळी घंटा घरात आहे. पिल्लू आल्यापासून रोज घंटा वाजवून "बस!" म्हटलं. घंटा असो की दाराची बेल, वाजली की जागेवर बसायचं, तोंड बंद. असा शिस्तीचा कुत्रा साऱ्या गल्लीत नाही म्हणून मिरवलं. संस्थेला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलटं शिकवून ठेवलं!

एकवीस दिवसांनी फेरपरीक्षा. तेव्हाही नापास झाला तर यादीतून नाव कट. मग त्याला एका गोदामाच्या राखणीला देणार आहेत. साखळीला. मॉनिटर, साखळीला!

५ मार्च

प्रशिक्षक मुलीला फोन केला. मॉनिटर पास झाला असता तर कुणाकडे जाणार होता?

एका शिंपिणीकडे. पंचवीस-सव्वीसची. लहानपणीच्या तापात दोन्ही कान गेले. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. बाळ पाच महिन्यांचं. मशीनवर बसते तेव्हा बाळाच्या पायाला दोरा बांधते, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. बाळाने पाय झाडले की दोरा ओढला जातो. "पण मॅडम, परवा बाळ रडलं आणि पाय झाडलेच नाहीत. अंगावर दुपटं गुंडाळलं गेलं होतं. तिला किती वेळ कळलंच नाही."

फोन ठेवला. घंटा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.

७ मार्च

शिकवणी सुरू. मी बेल वाजवते, त्याला जवळ बोलावते, बिस्किट देते. तो येतो, बिस्किट खातो. मग पुन्हा बेल वाजवली की ताठ बसतो. चेहऱ्यावर असं समाधान की पहिला नंबर आलाय!

अक्कल कमी म्हणावं तर तसंही नाही. फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर पाठ टेकवून लावतो. पाहुणे निघायला लागले की त्यांची एकच चप्पल पळवतो, दोन्ही कधीच नाही. एकीत कुणी घरी जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक. आणि आज तर कमालच! सकाळी फिरायला जायच्या वेळी लंगडायला लागला. बघवेना. उचलून आणला, पाय शेकला. संध्याकाळी पुन्हा लंगडला — दुसऱ्या पायाने! पोटदुखीच्या चिठ्ठ्या आणणारी शेकडो पोरं पाहिली मी. "कोणता दुखतोय ते आधी ठरव," म्हटलं. मुकाट्याने चारी पायांवर उभा राहिला.

सूनबाई खुर्चीवरून पडायची राहिली हसून. "आई, अगदी तुमच्या मुलावर गेलाय."

९ मार्च

बिस्किटं संपली. बसणं संपत नाही.

११ मार्च, सोमवार

आज ओट्याशी भांडी घासत होते. मॉनिटर आला आणि गुडघ्याला ढुशी दिली. "हो बाजूला!" म्हटलं. गेला, परत आला. पुन्हा ढुशी. धपाटा दिला तर ॲप्रनची नाडी दातांत धरली आणि ओढत न्यायला लागला! वर्षभरात अशी हिंमत केली नव्हती. रागारागाने त्याच्यामागून गेले, तर थेट दारापाशी.

दार उघडलं. बाहेर सूनबाई, दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा लाल.

"आई, चार वेळा बेल वाजवली!"

"बिघडली असेल."

"मला बाहेरून ऐकू येत होती की!"

"मग नळाचा आवाज होता."

ती पिशव्या आपटून सरळ आत गेली. ती बोलत नाही तेव्हा जास्त बोललेली असते.

१२ मार्च

वायरमनला बोलावलं. त्याने बेल उघडली, पुसली, वाजवली. "काही झालेलं नाही हिला, मावशी. समोरच्या बिल्डिंगमधला माणूस दार उघडायला उठेल अशी वाजतेय." आणि माझ्याकडे असं बघितलं!

बेलसाठी म्हणून बोलावलं होतं. बघायला नव्हे.

१३ मार्च, बुधवार

तर्क पुरे. प्रयोग केला. कॉलेजात विज्ञान घेतलं होतं ते कधी उपयोगी पडायचं?

मी ओट्याशी, पाठ दाराकडे, नळ बंद. सूनबाईने मनाला येईल तेव्हा बाहेर जाऊन हळू-जोरात दहा वेळा बेल वाजवायची. मला ऐकू आली की मी कागदावर रेघ मारायची. मॉनिटर काय करतो ते तिने खिडकीतून बघून लिहायचं.

दहातल्या चार वेळा मी रेघ मारली. सहा वेळा मला काही ऐकू आलं नाही.

चार वेळा मॉनिटर बसला. सहा वेळा उठून माझ्याकडे आला.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला ऐकू आली त्याच चार वेळा तो बसलाय! मला आली नाही त्याच सहा वेळा उठलाय! एकही चूक नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, तो बेल ऐकत नाही. तो तुम्हाला बघतो. तुमची मान जराशी हलते, मग तो बसतो. नाही हलली की तो निघतो."

मला ते पटेना. म्हटलं, थांब. बेल ऐकू आली तरी मी दगडासारखी उभी राहीन. तसंच केलं. मॉनिटर आला, समोरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. पापणी हलली असेल, श्वास अडला असेल, काय दिसलं त्यालाच ठाऊक. बसला! पाच वेळा नाटक केलं, पाचही वेळा बसला. मागच्या बाकावर वाकून गप्प बसणाऱ्या पोराला मी जशी ओळखायचे, तसं त्याने मला ओळखलं.

म्हणजे काय, तर घंटा वाजली की बसायचं हा माझा नियम त्याने पाळलाच. फक्त त्याला स्वतःचं एक पोटकलम जोडलं — बाईंना ऐकू आली असेल तर!

शाबास! शाबास, शाबास!

(सहाचं काय ते उद्या बघू.)

१५ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे सूनबाईने नेलं. नेलं म्हणजे रिक्षात बसवूनच मग कुठे जायचं ते सांगितलं. आलेख दाखवला. उजवीकडे घसरगुंडी. बारीक, उंच आवाज निम्म्याहून जास्त गेलेत. बेल, शिट्टी, लहान मुलांचे आवाज. "तीन-चार वर्षं झाली असतील," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे निवृत्तीच्या आधीपासून. शेवटच्या वर्षी पहिलीतली मुलं काहीतरी पुटपुटायची आणि मी "मोठ्याने बोल!" म्हणून खेकसायचे. ती मोठ्यानेच बोलत असतील.

डॉक्टरांनी कानाच्या यंत्राचं विचारलं. संस्थेचंही नाव काढलं. म्हटलं, संस्था मला ठाऊक आहे, मी तिथे देणारी आहे, मागणारी नव्हे. विषय संपला.

घरी आल्यावर संस्थेच्या वहीतली ती ओळ लाल शाईने खोडली. खाली लिहिलं — कुत्रा दमलेला नव्हता. घंटेला बसायला मी शिकवलं होतं. चूक माझी.

१८ मार्च, सोमवार

संस्थेत गेले. मुख्य साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले.

"परीक्षेत मालकाच्या जागी कोण बसतं?"

"आमची प्रशिक्षक. तीच बसते नेहमी."

"तिला ऐकू येतं?"

"अर्थात. पण ती ऐकू येत नाही असं दाखवते."

"दाखवते ना? मग तो कशाला उठेल? त्याला दिसतंय की हिला ऐकू आलंय. सगळं ठाऊक असलेल्या माणसाला उठून काय सांगायचं? अहो, तो नापास नाही झाला. तुमचा पेपर चुकला!"

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, नियम असा आहे की—"

"नियम मलाही आवडतात. माझ्याइतके कुणालाच आवडत नसतील. म्हणूनच सांगते, त्या शिंपिणीला बसवा. खरी परीक्षा घ्या. खरीत तो नापास झाला तर मी स्वतः त्याला गोदामावर सोडून येते."

प्रशिक्षक मुलगी दारात उभी राहून ओठ चावत होती. शेवटी बोललीच. "सर, मलाही तसंच वाटतं. मी नाटक करते तेव्हा हा माझ्याकडे बघून... म्हणजे, कीव केल्यासारखा बघतो."

साहेब हसले. मान्य! जिन्यावरून उतरताना गुडघे दुखले नाहीत.

पण आता तोंडातून शब्द गेलाय. गोदामाचा.

२३ मार्च

आज शिंपीण घरी आली, ओळख व्हावी म्हणून. बारीक, चपळ. माझ्या ओठांकडे रोखून बघते. मी सवयीने मोठ्याने बोलायला लागले. तिने हाताने खूण केली — जोर नको, सावकाश. मला शिकवते! बरोबर होती.

मॉनिटरने तिची चप्पल पळवली. एकच.

२५ मार्च, सोमवार

पास! पास! पास!

नीट लिहिते. संस्थेच्या खोलीत शिंपिणीला मशीनवर बसवलं. बाळ पाळण्यात, पडद्यामागे. मी, साहेब, प्रशिक्षक मुलगी, सूनबाई काचेपलीकडे. काचेपलीकडचं मला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. सूनबाई माझ्या हातावर बोट टेकवून सांगत होती. बेल झाली की एक टिचकी, शिट्टीला दोन, बाळाला तीन.

पहिली टिचकी. मॉनिटर ताठ झाला. आता बसणार— तिच्याकडे बघितलं त्याने. ती शिवतच होती. आणि उठला! थेट तिच्या गुडघ्याला ढुशी. दाराकडे नेलं.

नऊपैकी नऊ. दहावं कुणी ठरवलेलंच नव्हतं. कुकरची शिट्टी झाली आणि नेमकं त्याच क्षणी बाळ जागं होऊन रडलं. दोन आवाज, दोन दिशा. प्रशिक्षक मुलगी पुटपुटली (सूनबाईने कानाशी सांगितलं), "हे नाही शिकवलेलं." मॉनिटर खोलीच्या मधोमध थांबला. कुकरकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग शिंपिणीला पाळण्यापाशी नेलं, तिने बाळाला उचलेपर्यंत थांबला, आणि मग तिची ओढणी धरून बाळासकट शेगडीकडे!

साहेब खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागले. सूनबाईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मी रडले नाही.

शिंपिणीने मनगटावरचा दोरा, आज बाळाला न बांधलेला, सोडला. गुंडाळून रिळाला लावला आणि पिशवीत ठेवला. शिंप्याच्या घरात दोरा वाया जात नाही.

२६ मार्च

साहेबांचा फोन. सूनबाईने घेतला आणि शब्द न् शब्द मला सांगितला.

संस्थेचा एक नियम आहे. कुत्रा वाढवणाऱ्यालाच ऐकू येत नसेल आणि डॉक्टरांचा कागद असेल, तर त्या कुत्र्यावर पहिला हक्क वाढवणाऱ्याचा. लागलेली सवय मोडू नये म्हणून. "मॅडमनी हो म्हटलं तर मॉनिटर त्यांचा. शिंपीणबाईंना पुढचा तयार होईल तेव्हा देऊ. सात-आठ महिने लागतील."

सूनबाई म्हणाली, "ठेवा ना, आई. कोण काय बोलणार आहे? नियमातच आहे."

मॉनिटर माझ्या पावलांवर हनुवटी टेकून बसला होता. मी पाय हलवले नाहीत.

२७ मार्च

ठेवून घ्यावा?

२८ मार्च

आज दिवसभरात त्याने मला अकरा वेळा ढुशी दिली. बेल, फोन, शिट्टी, दूधवाला. एकदा तर सूनबाई आतल्या खोलीतून हाक मारत होती तेव्हा. किती आवाज माझ्यावाचून घरात फिरत होते!

मला हवाय तो. इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. खूप हवाय.

पण माझ्या घरी सूनबाई आहे. बेल नाही ऐकली तर ती चिडेल, इतकंच. तिकडे पाच महिन्यांचं बाळ आहे. आठ महिन्यांत ते रांगायला लागेल, मग शेगडी, मग जिना. एकतीस वर्षं मी कुणाला रांग मोडू दिली नाही. शाळेच्या संस्थाचालकांच्या नातवालासुद्धा नाही. आता नियम माझ्या बाजूने आहे म्हणून मोडू?

सूनबाईला सांगितलं. तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हाला ढुशी मी देईन. चालेल?"

"नाकाने नको," म्हटलं.

३० मार्च, शनिवार

शिंपिणीच्या घरी पोच केलं, तिची सही घेतली — कुत्रा एक, नाव मॉनिटर, वय चौदा महिने. गळपट्टा एक. वाडगे दोन. चटई एक. लसीचं कार्ड. सवयींचा कागद (लंगडला तर दोनदा तपासणे).

परतताना संस्थेच्या खिडकीवर दिलं — डॉक्टरांचा आलेख, फोटो दोन, अर्ज एक. अर्जदार मी. यादीत सोळावी.