गुंडाळलेलं ते सामान

महदिया
सोमवार, १२ मे, सकाळचे सात

लाडक्या दोर्रा,

बाबांचा आशीर्वाद. तुमच्या लियोंमध्ये पाऊस थांबत नाही असं बातम्यांत पाहिलं. छत्री विसरत जाऊ नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. शुक्रवारी तुझ्या आईपाशी जाऊन आलो. समुद्राकडच्या त्या उतारावर यंदा पिवळी फुलं कमरेइतकी वाढली आहेत, तिचा दगड शोधायला दोन मिनिटं लागली.

तीन आठवडे मी तुझा फोन उचलला नाही. त्याचं कारण सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं. चौथीत मास्तरांनी ज्या जुन्या अरबी कवींच्या कविता आमच्याकडून घोकून घेतल्या, ते आधी उजाड तळापाशी उंट थांबवायचे, तिथून उठून गेलेल्या माणसांची नावं घेऊन रडायचे, आणि मगच मुद्द्यावर यायचे. साठ वर्षं त्या ओळी तोंडात घोळवल्यावर माणूस एकदम मुद्द्यावर कसा येईल?

तर आधी तू घेऊन दिलेल्या त्या उभं राहून चालवायच्या, घडीच्या, विजेवरच्या स्कूटरबद्दल. फार छान चालते. घरापासून स्टेशनापर्यंत मला पंचवीस मिनिटं लागायची, आता सहा लागतात. पहिल्या दिवशी कॉफीवाल्यानं आदराचं 'सी' लावून हाक मारली, "सी तिजानी, लग्नाला निघालात की काय?" मी म्हटलं, निघालोय, पण तुला आमंत्रण नाही. मोनास्तीरला मी रोज ज्या प्रौढ वर्गाला शिकवायला जातो, तिथल्या बायकांनी तर मला वर्गाच्या दारापर्यंत स्कूटरवरूनच यायला लावलं. पन्नाशी-साठीच्या बाया, आता कुठं स्वतःचं नाव लिहायला लागल्या आहेत, पण टिंगल करायला त्यांना अक्षरं लागत नाहीत.

तू पाठवलेला कागद स्वयंपाकघरात भिंतीला डकवला आहे. कामासाठी देशोदेशी हिंडताना तू गाड्यांमधले नियम लिहून घेतलेस, तेही बापासाठी, याचं मला फार कौतुक वाटलं. लंडनच्या भुयारी गाडीत घडी घातलेली स्कूटरही चालत नाही. बार्सिलोनात बंदी. दुबईत मध्ये बंदी होती, आता घडी घालून नेता येते. पॅरिसमध्ये घडी घालून, हातात धरून. जर्मनीत एका शहरात चालते आणि शेजारच्या शहरात ट्रामच्या दारातूनच परत पाठवतात. जपानात पिशवीत घालायची, एखादं टोकही बाहेर दिसता कामा नये. जपानचं वाचून मी टाळी वाजवली. म्हटलं, ही माझी माणसं.

कारण आपल्या किनाऱ्याच्या गाडीत या स्कूटरबद्दल नियमच नव्हता. नवा नियम नसला की जुना लागू, आणि जुना नियम म्हणजे माझाच. एकतीस वर्षं मी रेल्वेत सामानाच्या खिडकीत बसलो. विणकर मागाचे तुकडे घेऊन यायचे, नवऱ्या मुली शिवणयंत्रं, एकदा तर एका गृहस्थानं सायकलच आणली होती. मी सगळ्यांना एकच सांगायचो: उघडं असेल तर वाहन, गुंडाळून बांधलेलं असेल तर सामान. माणसं तिथंच फलाटावर घोंगडी पसरायची, गुंडाळायची, दोरी आवळायची, आणि मी बोटानं गाठ दाबून बघायचो. ढिली गाठ परत बांधायला लावायचो. माझ्या हाताखाली शिकलेला मोन्सेफ आता गार्ड आहे, तोही अजून असंच म्हणतो.

म्हणून मी तुझी स्कूटर रोज माझ्या जुन्या लोकरीच्या झग्यात, बुर्नूसमध्ये, गुंडाळत होतो.

तुझ्या कागदाच्या तळाशी लाल शाईत एक ओळ आहे. "बाबा, बटण बंद केल्याशिवाय झाकायची नाही." ती मी रोज वाचत होतो, दोर्रा. एकवीस एप्रिलला गाडी फलाटावर आलेली होती, मी घाईत होतो.

आता नजेतबद्दल सांगतो. मोनास्तीरच्या रुग्णालयात परिचारिका आहे, सकाळच्या पाळीची. तिच्याकडेही अशीच स्कूटर, जुनी, पत्रा ठोकून सरळ केलेली. ती गुंडाळत वगैरे नाही, घडी घालून दुसऱ्या डब्याच्या कोपऱ्यात उभी करते. मी तिला दोनदा सुनावलं होतं की पोरी, हे वाहन झालं. ती म्हणाली होती, "काका, आजारी माणसाला झाकतात, यंत्राला नाही." त्या दिवशी माझं गाठोडं तिच्या स्कूटरला टेकवून ठेवलं होतं.

टेबुल्बा स्टेशनाच्या पुढे धूर यायला लागला. नजेत आधी उठली. म्हणाली, लोकरीचा वास येतोय. गाडी मधल्याच थांब्यावर थांबवली, सगळे भराभर उतरले. मोन्सेफ धावत आला. धुरात त्याला काय दिसलं? उघडी स्कूटर, आणि तिच्या शेजारी आपल्या सी तिजानींचं गाठोडं. त्यानं तिची स्कूटर ओढून बाहेर काढली. लोक म्हणाले, काकांचं सामान सांभाळा, आणि दोघांनी माझं गाठोडं उचलून आदरानं माझ्या पायाशी आणून ठेवलं. एक बाई जळक्या लोकरीचा वास घेऊन हळहळली, बघा हो, म्हाताऱ्याचा बुर्नूस जाळला हिच्या यंत्रानं.

दोर्रा, मी गाठोड्यावर हात ठेवला. आत चाक फिरत होतं. मीच आवळलेली दोरी वेगाच्या दांड्यावर बसली होती, आणि अर्धा तास ते चाक माझी लोकर घासत होतं. मी गाठ सोडली, बुर्नूसमध्ये हात घातला आणि बटण बंद केलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मोन्सेफनं वहीत लिहिलं: स्कूटर, मालक नजेत, नुकसान झालेला प्रवासी, सी तिजानी. त्यानं वही माझ्यापुढे धरली, आणि मी सही केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. विचारणार होतीस, स्कूटर कशी चालते?

तेव्हापासून नजेतची स्कूटर मोनास्तीरच्या सामानखोलीत कुलपात आहे आणि सगळ्याच स्कूटरना तात्पुरती बंदी आहे. ती स्टेशनापासून रुग्णालयापर्यंत चालत जाते. पहिल्या आठवड्यात तीनदा उशीर झाला, तिला लेखी ताकीद मिळाली. आणखी एक मिळाली तर सकाळची पाळी जाईल, आणि रात्रपाळी तिला जमणार नाही, घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. हे मला तिनंच सांगितलं, रोज गाडीत, माझ्या शेजारी बसून. वर मला विचारायची, काका, तुमचा बुर्नूस रफू झाला का?

आज अकरा वाजता मोनास्तीरला बैठक आहे. तिच्यावर ठपका ठेवायचा आणि बंदी कायमची करायची, एवढंच ठरायचं बाकी आहे. मला साक्षीला बोलावलं आहे. रात्री नीट झोप लागली, खोटं सांगत नाही. काय बोलायचं ते ठरलं आहे. गाडीची वेळ झाली, पत्र सोबत घेऊन निघतो.

दुपारचे चार, मोनास्तीर स्टेशन

बैठकीत रेल्वेचे साहेब होते, मोन्सेफ होता आणि टेबलाच्या टोकाला नजेत, पांढऱ्या कोटातच, पाळी सोडून आलेली. साहेबांनी मला चहा मागवला. म्हणाले, सी तिजानी, तुम्ही फक्त वहीतलं खरं आहे एवढं सांगा, मग आपण तुमच्या काळच्या गप्पा मारू.

मी उभा राहिलो. उभं राहून म्हणायची सवय शाळेपासूनची आहे, बसून मला धड शब्द सुचत नाहीत. म्हणालो, "वहीतलं खोटं आहे. धूर माझ्या गाठोड्यातून आला. आत माझी स्कूटर होती, चालू राहिलेली. हे मला फलाटावरच कळलं होतं, आणि तरी मी सही केली."

मोन्सेफनं मान खाली घातली. साहेबांनी दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, वयानं होतं असं. नीट आठवत नसेल तुम्हाला. घरी जा, आम्ही काही ऐकलं नाही."

मी म्हणालो, मला आठवतंय. चौथीची कवितासुद्धा आठवते, म्हणून दाखवू का? आणि पिशवीतून बुर्नूस काढून टेबलावर पसरला. जळलेला भाग आतल्या बाजूला होता, चाकाएवढा गोल. बाहेरून कुठंही डाग नव्हता. तिच्या यंत्रानं जाळला असता तर बाहेरून जळला असता. मोन्सेफनं बोटानं तो गोल चाचपला आणि स्वतःच वही पुढे ओढून लिहायला घेतलं.

साहेबांनी नजेतला विचारलं, बाई, तुमचं काही म्हणणं? तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन आठवडे, काका. मी तुम्हाला माझ्या आईचं औषधपाणीसुद्धा सांगत बसले होते."

मी बुर्नूसची घडी घालून पिशवीत ठेवला.

तिच्यावरचा ठपका गेला. चूक रेल्वेची होती असं रुग्णालयाला लेखी कळवणार आहेत, म्हणजे तिची ताकीद रद्द होईल. स्कूटर तिला लगेच कुलपातून काढून दिली. माझा निवृत्तांचा मोफत पास साहेबांनी काढून घेतला. हात पुढे करताना त्यांना लाज वाटत होती, म्हणून मीच तो टेबलावर ठेवला. बंदी मात्र कायम होणार होती. मी म्हणालो, दोष माझ्या गाठीचा आहे, शिक्षा सगळ्या किनाऱ्याला कशाला? मग तासभर वाद झाला, तुझ्या कागदातली सगळी शहरं मी त्यांच्यापुढे एकेक करून मांडली. शेवटी मला म्हणाले, मग तुम्हीच नियम सांगा. मी सांगितला, साध्या गद्यात: बटण बंद करावं, घडी घालावी, मालकानं हात ठेवावा, आणि काहीही गुंडाळू नये. सहा महिने असं करून बघायचं ठरलं. माझा एकतीस वर्षांचा नियम मी स्वतःच्या तोंडानं मोडला.

बाहेर नजेत स्कूटर उघडत होती. मी थांबलो. तिनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "उद्यापासून माझ्या शेजारी बसू नका, समोर बसा, तुमच्या यंत्रावर माझी नजर राहील." मी हो म्हणालो. ती गेली. मग मी खिडकीवर जाऊन, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, रांगेत उभा राहून परतीचं तिकीट काढलं.

तुला मी अशी माणसं ओळखायला शिकवलं होतं जी स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकतात. त्यातला एक तुझ्या घरात होता. तीन आठवडे होता, आज नाही.

तुझा बाबा,
दुसऱ्या डब्यातल्या धुराला वहीत स्वतःच्या सहीनं जबाबदार असलेला प्रवासी,
तिजानी